उसने आभाळ

मार्गशीर्ष उजाडला आणि पहाटेच्या वाऱ्यास धार आली, म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यात छायाचित्रकारांचा हंगाम सुरू होतो. ऐन थंडीत पाच वाजता उठून, कानटोपी बांधून, गळ्यात कॅमेरा अडकवून ही मंडळी मांजरसुंब्याच्या घाटात, धारूरच्या किल्ल्यावर, सौताड्याच्या कड्यावर किंवा बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीवर सूर्योदयाची वाट पाहत उभी राहतात. यांत महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टर-वकील आहेत, आणि लग्नसराईत पोट भरून उरल्या वेळात हौस भागविणारे धंदेवाईकही आहेत. या हौसेस आमचा विरोध नाही. उलट, ज्या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रास दुष्काळाच्या बातम्यांखेरीज क्वचितच आठवते, त्या जिल्ह्यातले तरुण आपल्या माळरानाकडे डोळे भरून पाहू लागले, ही गोष्ट आम्ही शुभच समजतो. आमची तक्रार त्यांच्या पहाटेविषयी नाही; ती त्यांच्या रात्रीविषयी आहे. म्हणजे घरी परतल्यावर, संगणकासमोर बसून, ते त्या बिचाऱ्या चित्राचे जे काही करतात त्याविषयी.

अशा छायाचित्रांची एक दिनदर्शिका या क्षणी आमच्यासमोर आहे. ती कोणी छापली हे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण तिच्यासारख्या दहा निघतात, आणि एकीस दुसरीहून वेगळे ओळखणे कठीण असते. डिसेंबरच्या पानावर बालाघाटाचे डोंगर आहेत, आणि ते श्रावणातल्या आंबोलीसारखे हिरवेगार आहेत. जानेवारीच्या पानावर सौताड्याचा धबधबा दुधाच्या लोंढ्यासारखा कोसळत आहे. आणखी एका पानावर पूर्ण पिसारा उभारून नाचणारा मोर असून खाली ‘नायगाव, हिवाळी सकाळ’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. सर्वांवर जांभळे-नारिंगी आभाळ पसरले आहे; आणि मौज अशी की, दोन निरनिराळ्या महिन्यांच्या, निरनिराळ्या तालुक्यांतल्या चित्रांवर ढगांचा आकार तंतोतंत तोच आहे! एकच ढग पाटोद्याहून निघून महिन्याभराने अंबाजोगाईस पोहोचला आणि वाटेत त्याचा एक पापुद्राही हलला नाही, असे मानण्याइतके आम्ही भाविक नाही.

हे सारे खोटे आहे, असे म्हणून आम्ही थांबलो तर आमच्यावर अरसिकतेचा आरोप येईल. सबब, खरे काय आहे ते आधी सांगणे भाग आहे.

बीड शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर वसलेले आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्याच पायांखाली दडून बसते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र हाच सूर्य माध्यान्हीसही क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. भर दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या नऊ-दशांश पडते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या आत मावळतो, आणि मधल्या वेळात तो सतत एका बाजूने, किंचित वाकून, जमिनीकडे पाहत असतो. चित्र काढणाऱ्यास यापरते सुदैव कोणते? उन्हाळ्यातल्या दुपारी उभ्या उन्हात जमीन सपाट आणि पांढरी दिसते. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात तीच जमीन बोलू लागते. नांगरलेल्या काळीचे प्रत्येक ढेकूळ आपली लहानशी निळसर सावली टाकते. बांधावरच्या दगडांचे खडबडीत अंग दिसते. धारूरच्या तटाच्या चिऱ्यांवर टाकीचे घाव मोजता येतात. उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिले तर कुसळीच्या प्रत्येक काडीस प्रकाशाची कड येते, आणि ज्या माळावर गुराखीही ‘काय आहे तेथे?’ म्हणून मान फिरवितो, तो माळ पाऊण तास निव्वळ उजेडाचा बनून राहतो.

आणि रंग! आमच्या हिवाळ्याचा रंग हिरवा नाही, पिवळा आहे. परंतु ‘पिवळा’ या एका शब्दात त्याची बोळवण करणे म्हणजे सगळ्या रागदारीस ‘गाणे’ म्हणून मोकळे होण्यासारखे आहे. वाळलेल्या कुसळीचा पिवळा वेगळा, त्यात तांबूस झाक असते. बाजरीच्या सरमाडाच्या गंजी जुन्या झालेल्या असतात, त्यांचा पिवळा राखेकडे झुकतो. कापणीस आलेल्या तुरीचा मातकट, पाने गाळू लागलेल्या सीताफळीचा फिकट, आणि माघाच्या सुमारास फुलणाऱ्या करडईचा तर थेट केशरी. हिरवे अगदीच नसते असे नाही. हरभरा असतो, शाळू पोटरीत असतो, विहिरीखालचा गहू असतो. परंतु हे हिरवे थोडे आणि बेताचे असते, आणि चोहोंकडच्या पिवळ्यामुळेच ते डोळ्यांत भरते. हुरड्याच्या दिवसांत ज्यांनी शेतात बसून आगटीसमोर दुपार घालविली आहे, त्यांस आम्ही काय म्हणतो ते सांगावयास नको. लातूर-धाराशिवाच्या सीमेलगतच्या गावांत वेळा अमावास्येस शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा करितात. त्या दिवशी काढलेल्या चित्रात कडब्याचा रंग बदलला, तर उरले काय?

धुक्याविषयीही येथेच बोलून घेऊ. दाट धुके आमच्याकडे मोजक्याच पहाटी पडते, आणि तेही बहुधा धनेगावजवळचा मांजरा जलाशय, माजलगावचे धरण अशा पाण्याच्या आसपास. एरवी हिवाळ्यातल्या सकाळी जे पांढुरके पटल गावावर तरंगताना दिसते ते धुके नव्हे. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होऊन खाली बसते, वरची हवा उबदार राहते, आणि चुलींचा धूर त्या झाकणाखाली कोंडला जातो. परळीच्या आसपास त्यात औष्णिक वीजकेंद्राच्या धुरळ्याचीही भर पडते. म्हणजे ज्यास आमचे छायाचित्रकार ‘काश्मीरचा भास’ असे नाव देतात, त्यात कोणाच्या तरी घरची भाकरी भाजलेली असते. आम्हांस तर तो धूर धूर म्हणून अधिक सुंदर वाटतो.

आता हे सर्व कॅमेऱ्यास आपोआप उमजते काय? नाही, आणि येथे आम्ही संस्करणाच्या बाजूने दोन शब्द बोलू इच्छितो, म्हणजे कोणी आम्हांस यंत्रद्वेष्टे ठरवू नये. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्याच्यासमोर उन्हात चमकणारे फिकट गवत आले की तो भांबावतो आणि चित्र नको तितके काळवंडून ठेवतो. तेव्हा प्रकाश पाऊण-एक टप्पा वाढविणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्यच आहे. तसेच व्हाइट बॅलन्स म्हणून जी सोय असते, ती स्वयंचलित ठेविली तर सकाळच्या उन्हाचा पिवळेपणा म्हणजे काही बिघाड आहे अशा समजुतीने ती तो धुऊन काढते. तो परत आणणे हे खोटेपण नव्हे. यंत्राने गमावलेले डोळ्यांचे माणसास परत देणे आहे. सावलीतला तपशील थोडा वर काढणे, भिंगामुळे कललेला मंदिराचा खांब सरळ करणे, काचेवरच्या धुळीचा ठिपका पुसणे, नको असलेली कड कापून टाकणे, या सर्वांस आमची संमती आहे. या कामास बैठक लागते, नजर लागते, आणि ज्या जागी आपण उभे होतो ती जागा मनात जशीच्या तशी धरून ठेवावी लागते. हे करणाऱ्या माणसांस आम्ही कलावंत म्हणतो.

पण दिनदर्शिकेतल्या चित्रांत हे घडलेले नाही. तेथे जे गमावले ते परत आणलेले नाही. जे कधी नव्हतेच ते आणून बसविले आहे. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात काय रूप धरतो ते आम्हीही पाहिले आहे. पण पाऊस संपला की तो रोडावत जातो, आणि जानेवारीत त्या उंच कड्यावरून दुधाचा लोंढा पडत असेल तर विंचरणा नदीने आपला स्वभाव पालटला असे म्हणावे लागेल. मोराची कथा याहून रंजक आहे. पाटोदा तालुक्यातले नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. तेथे मोर आहेत, आणि हिवाळ्यात ते दिसतातही. परंतु पावसाळ्यातला विणीचा हंगाम सरला की मोराची लांब पिसे गळून पडतात, आणि नवी पिसे पुरती वाढावयास हिवाळ्याचा बहुतेक काळ जातो. ऐन थंडीत दिसणारा मोर हा आखूड शेपटीचा, काहीसा ओशाळलेला, धान्य टिपण्यात गुंतलेला पक्षी असतो. ज्याने डिसेंबरच्या सकाळी त्याचा पूर्ण पिसारा ‘टिपला’, त्याने तो जंगलात टिपला नाही, संगणकात टिपला. गावातला दहा वर्षांचा पोरगाही हे सांगेल. पण दिनदर्शिका छापणाऱ्यांनी त्यास विचारावे कशाला?

हे असे का होते, याचा विचार करिता आम्हांस एक जुनी गोष्ट दिसते. लग्न जुळविण्यासाठी मुलीचा फोटो पाठवावयाचा असे, तेव्हा आमच्या मध्यमवर्गीय घरांतून स्टुडिओवाल्यास एक सूचना हमखास दिली जाई: ‘जरा उजळ काढा.’ तोही बिचारा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मुलीचा सावळा रंग दोन पायऱ्या वर चढवून देई. पुढे प्रत्यक्ष पाहण्याच्या वेळी जे व्हावयाचे ते होई, आणि त्याचा मनस्ताप त्या मुलीस भोगावा लागे, स्टुडिओवाल्यास नव्हे. पी हळद आणि हो गोरी! आज तीच पेन्सिल खिशातल्या मोबाइलमध्ये जाऊन बसली आहे; कित्येक यंत्रे तर न सांगताच चेहरा गोरा व गुळगुळीत करून देतात. माळास हिरवे करणे आणि माणसास गोरे करणे, ही आमच्या मते एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत. बालाघाटाचा डोंगर पिवळा आहे याची आम्हांस लाज वाटते. तो महाबळेश्वरासारखा किंवा स्वित्झर्लंडासारखा दिसला तरच पाहुण्यांपुढे आणावयास योग्य, अशी आमची मनोमन समजूत आहे. ज्या मुलांस आपल्या जिल्ह्याचा अभिमान वाटावा म्हणून ही चित्रे निघतात, त्यांस ती चित्रे हेच शिकवितात की, तुमचा जिल्हा आहे तसा दाखविण्याजोगा नाही.

यावर आमच्या एका विद्वान स्नेह्याने आम्हांस इतिहास ऐकविला. छायाचित्र जन्मल्यापासून त्यात फेरफार होतच आले आहेत, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे काढली, त्यांतल्या काहींत समुद्र एका काचेवरचा आणि आभाळ दुसऱ्या काचेवरचे आहे. इंग्लंडातल्या हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मरणशय्येवरील मुलीचे एक चित्र केले. आमच्याकडेही फोटोवर रंग चढविण्याची कला जुनीच आहे, आणि हैदराबादच्या निजामाच्या पदरी असलेल्या राजा दीनदयाळ यांच्या काळी (ते १८४४ मध्ये जन्मले, १९०५ मध्ये वारले) काचेवर हात फिरविण्यात कोणास काही गैर वाटत नसे. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता, हे स्नेह्यांनी आम्हांस जाता जाता सुनावले. जणू त्यामुळे आम्हांस बोलावयाचा अधिकारच उरत नाही.

परंतु ल ग्रेने दोन काचा का वापरल्या, हे त्यांनी सांगितले नाही. त्या काळचे कलोडियनचे लेप निळ्या प्रकाशास अतिशय हळवे असत. समुद्र नीट उमटावा म्हणून पुरेसा वेळ दिला की आभाळ पांढरेफेक होऊन जाई. जे दृश्य त्याच्या डोळ्यांनी एका क्षणी एकत्र पाहिले होते, ते एका काचेवर धरण्याचे सामर्थ्य त्याच्या साहित्यात नव्हते, म्हणून त्याने दुसरी काच घेतली. आमच्या तरुणांच्या कॅमेऱ्यात ते सामर्थ्य भरपूर आहे. हिवाळ्यातले आमचे निरभ्र, फिकट निळे, क्षितिजाशी धुरकट होत गेलेले आभाळ त्यांच्या यंत्राने उत्तम टिपलेले असते. ते त्यांस आवडले नाही, इतकेच. ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉप या सुप्रसिद्ध प्रणालीत आभाळ बदलण्याची तयार सोय आली, आणि २०२३ पासून तर दोन शब्द लिहिले की चित्रात मुळीच नसलेली वस्तू यंत्र आपल्या मनाने रचून देऊ लागले. ल ग्रेने साहित्याची उणीव भरून काढली. येथे उणीव साहित्यात नाही, पाहणाऱ्यात आहे. नाचता येईना, अंगण वाकडे. आणि आता तर अंगणच बदलून मिळते!

दुसरा आक्षेप असा की, छायाचित्र ही कला आहे, साक्ष नव्हे. चित्रकारास जे स्वातंत्र्य ते छायाचित्रकारास का नसावे? असावे की! ज्यास निळा मोर आणि जांभळा डोंगर काढावयाचा त्याने खुशाल काढावा, त्याखाली ‘कल्पनाचित्र’ म्हणून लिहावे, आम्ही ते कौतुकाने भिंतीस लावू. पण त्याखाली ‘सौताडा, जानेवारी’ असे गावाचे व महिन्याचे नाव घातले की ते चित्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. मग तेथे शपथेवर बोलावे लागते. नॅशनल जिऑग्राफिक या जगद्विख्यात मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तच्या पिरॅमिडांचे एक आडवे चित्र उभ्या पानात बसविण्यासाठी दोन पिरॅमिड संगणकाने जवळ ओढले. इतकेच केले, ना रंग बदलला, ना आभाळ. तरी त्यावर जो गहजब झाला त्याची आठवण छायाचित्रकार आजही काढितात. कारण वाचकाने त्या मासिकावर विश्वास टाकलेला होता. आमच्या दिनदर्शिकांवर कोणी विश्वासच टाकीत नाही, असे त्यांच्या कैवाऱ्यांस म्हणावयाचे असेल, तर मात्र आमचा वाद मिटला.

इथवर आम्ही डोंगर, पक्षी आणि ढग यांविषयी बोललो. हा वाद तेवढाच असता तर आम्ही इतकी शाई खर्चिली नसती.

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांचे जथे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस त्या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात; माणसाची ओळखच हत्यारावरून. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, हे कोयते उसाच्या फडांत राहतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या कित्येक गावांत हिवाळ्यात कोण उरते? म्हातारी माणसे, शाळेसाठी मागे ठेविलेली पोरे, आणि कुलपे. नेमका हाच आमच्या छायाचित्रकारांचा हंगाम. ते या गावांत जातात, ओस गल्ल्या पाहतात, बंद दारांवर पडलेले कोवळे ऊन पाहतात, आणि त्या चित्रांस ‘निवांत’, ‘गावाकडची शांतता’ अशी नावे देतात! ती शांतता नव्हे. तो गैरहजेरीपट आहे.

आणि ती गैरहजेरीसुद्धा चित्रात राहू दिली जात नाही, हे आमचे खरे दुःख आहे. आमच्यासमोर एका जुन्या लाकडी दाराचे चित्र आहे. दार उत्तम आहे, सकाळचे ऊन उत्तम पडले आहे, चौकटीवरची नक्षी उठून दिसते. दारास कडी आहे, पण कुलूप नाही. मात्र कडीच्या खाली लाकडावर एक अर्धवर्तुळाकार ओरखडा आहे, वाऱ्याने हलणारे कुलूप वर्षानुवर्षे घासून पडतो तसा. कुलूप पुसले गेले. ओरखडा पुसावयाचे राहून गेले. कुलूप का पुसले असेल? गंजलेले होते, चित्रात बरे दिसत नव्हते, असेच उत्तर मिळेल, आणि पुसणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या दाराची सगळी हकिगत त्या कुलपात होती. तशीच विजेची तार पुसतात, पाण्याच्या टाकीसमोर रांगेत ठेविलेल्या प्लास्टिकच्या घागरी पुसतात, पाटोद्याकडच्या पठारावरच्या पवनचक्क्या पुसतात, उसाच्या वाटेवरची टायरगाडी पुसतात. ज्यातून एखादा मनुष्य येथे कसा जगतो हे कळावे असे सर्व काही ‘अडथळा’ ठरून निघून जाते, आणि मागे उरते ते कोणाचेच नसलेले एक गाव.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यातही नद्यांनी पात्रे सोडली, आणि कित्येक शेतांतली माती खरवडून जाऊन खाली मुरूम उघडा पडला. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या शिवारांत जो कॅमेरा घेऊन गेला त्याच्या हाती केवढा दस्तऐवज होता! कोठे काळी संपून मुरूम सुरू झाला, कोठे बांध वाहून गेला, कोठे पुराचा गाळ साचून वाळला, हे तिरप्या उन्हात रेघ ओढल्यासारखे दिसते. रंगांतल्या त्या फरकावरूनच नुकसान वाचता येते. असल्या चित्रावर जर कोणी हिरव्या रंगाची कळ दाबली, तर काळी व मुरूम दोन्ही एकसारखी टवटवीत होतात. पुढे वीस वर्षांनी कोणास तो हिवाळा पाहावासा वाटला, तर त्याच्या हाती आमच्या दिनदर्शिकांतला बागबगीचा येईल. सरकारी कागदांत नुकसान आणि छायाचित्रांत नंदनवन! मग खरे कोणते मानावयाचे?

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच्या अगदी उलट जातीचे खोटेपणही आहे, आणि त्याचे कारखाने बहुधा मोठ्या शहरांत असतात. २०१३ आणि २०१६ च्या दुष्काळांत बीडची जी चित्रे बाहेरच्या जगापुढे गेली, त्यांत भेगाळलेली जमीन आणि तीवर आभाळाकडे तोंड करून बसलेला म्हातारा यांखेरीज फारसे काही नसे. दुष्काळ खरा होता, भेगाही खऱ्या होत्या. पण रंग उतरवून, काळोख वाढवून, त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दुप्पट खोल करण्याचे काय कारण होते? ज्या बीड शहरात १५८२ च्या सुमारास बांधलेली खजाना बावडी टंचाईच्या वर्षांतही पाणी राखून असते, तेथे एखादा तरी कॅमेरा त्या पाण्याकडे वळावयास हरकत नव्हती. एकाने आम्हांस भिकारी म्हणून दाखविले. आमच्याच पोरांनी त्यावर रुसून आम्हांस उसन्या दागिन्यांनी मढविले. त्यांच्या रुसव्याचे कारण आम्ही समजू शकतो, दागिन्यांचे समर्थन मात्र करू शकत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे व्यवहाराच्या भाषेत मांडतो. जे कोणी हिवाळी चित्रांच्या स्पर्धा भरवितात, त्यांनी पारितोषिक देण्यापूर्वी छायाचित्रकाराकडून कॅमेऱ्यातली मूळ, अस्पर्शित प्रत मागून घ्यावी. जगातल्या नामांकित स्पर्धा अंतिम फेरीत ती मागतात, आणि त्यात कोणाचा अपमान समजला जात नाही. प्रदर्शनात जमल्यास ती मूळ प्रत लहान आकारात शेजारीच टांगावी. प्रेक्षकांस त्यातून छायाचित्रकाराचे खरे कौशल्यही कळेल. उन्हाचा रंग त्याने किती अचूक परत आणला, सावली किती बेताने उघडली, हे दोन्ही चित्रे शेजारी असल्यावाचून दिसत नाही. चित्राखाली गाव, तारीख आणि वेळ लिहावी. नुसते ‘बालाघाटातील एक सकाळ’ पुरे नाही, कारण बालाघाट लांब आहे आणि सकाळी पुष्कळ असतात. अंबाजोगाईस मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव असतो. त्या गर्दीची चित्रे काढणाऱ्यांनी लोकांचे चेहरे आहेत त्या रंगाचे राहू द्यावेत. आणि गृहस्थाश्रमी वाचकांस एक विनंती: यंदा हुरडा खावयास सहकुटुंब शेतात जाल तेव्हा मोबाइलमधली ती चेहरे उजळविणारी सोय बंद करून एक चित्र काढून पाहा. आगटीच्या धुराने डोळे लालसर झालेले, हातांस राख लागलेली, मागे शाळू आणि त्यामागे पिवळा माळ. घरातल्या मुलींस ते चित्र आवडते की नाही, हे त्यांनाच विचारावे.

दिनदर्शिका छापणारांकडून इतक्या अपेक्षा करणे कदाचित व्यर्थ आहे. त्यांस पाने खपवावयाची असतात, आणि हिरवे खपते असा त्यांचा अनुभव असेल. त्यांच्याशी आम्ही तडजोडीस तयार आहो. धबधबा सोडवत नसेल तर सोडू नये, मोर नाचवावयाचाच असेल तर नाचवावा. फक्त ही दोन्ही पाने जानेवारीतून काढून ऑगस्टात लावावीत.